कोटाच्या कापडाची डिस्क

माझ्या बायकोचा आवाज मला आठवत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. चेहरा आठवतो, हात आठवतात, चिडली की शिलाई मशीनचं पायडल कसं हाणायची ते आठवतं. आवाज आठवायला बसलो की मात्र नुसती खरखर येते.

कारण सरळ आहे. शेवटची काही वर्षं तिला आवाजच नव्हता. घशाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, तेव्हा जीव वाचला पण आवाज गेला. त्यानंतर ती खडूनं बोलायची. कापडावर खुणा करायचा चपटा खडू असतो, तो. काळ्या अस्तराच्या तुकड्यावर लिहायची आणि झटकून पुसायची. 'पाणी.' 'पंखा बारीक करा.' एकदा 'तुम्हाला ऐकू येत नाही का?' असं लिहिलं आणि स्वतःच पोट धरून हसली, आवाज न करता. इतका खडू वाचला की तिच्या बोलण्याच्या जागी माझ्या डोक्यात अक्षरच बसलं. ती गेली आणि अक्षर राहिलं.

फोनमध्ये शोधून झालं होतं. आवाजाचे मेसेज ती कधी पाठवायचीच नाही, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं म्हणायची. घरात छोटा कॅमेरा होता तेव्हा तो कायम तिच्या हातात. शूटिंग करताना ओठ गच्च मिटून घ्यायची, हात हलू नये म्हणून. त्यामुळे सगळ्या चित्रांत मी आहे, मुलगी आहे, शेजारी आहेत, ती नाही. एकदाच कॅमेरा माझ्याकडे होता. मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली होती, तिच्यासाठी आई कोट शिवत होती, आणि मुलगी म्हणाली, बाही कशी लावतात ते मला एकदा दाखव. तेव्हा त्या दोघींचं शूटिंग मी केलं होतं. बायको बराच वेळ बोलत होती, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

ते एका डिस्कवर होतं. ती डिस्क चालत नव्हती.

या डिस्का बायकोनंच केलेल्या. कॉम्प्युटर कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून मुलीनं तिला फोनवरून शिकवलं होतं. "आई, आता बर्नवर क्लिक कर." ही घाबरली. "जाळायचं कशाला गं? ठेवायचंय ना आपल्याला?" पण शिकली. डबाभर डिस्का केल्या. पुढं कॉम्प्युटर खरंच गेला आणि तेवढ्याच राहिल्या.

डिस्कवर पेननं नाव लिहितात. हिनं लिहिलं नाही. हिला सगळं कापडावरनं आठवायचं. कुणाच्या घरचा कार्यक्रम कधी झाला विचारलं तर म्हणायची, "तुम्ही तो निळ्या रेघांचा शर्ट घातला होता तेव्हा." म्हणून तिनं प्रत्येक डिस्कवर एकेक चिंधी चिकटवली. ज्या दिवसाचं चित्र, त्या दिवशी अंगावर किंवा समोर जे कापड होतं त्यातली. शाळेच्या खेळांच्या डिस्कवर युनिफॉर्मचा तुकडा, नव्या घरात आलो त्याच्यावर पडद्याचा, कोटाच्या डिस्कवर कोटाचा. आणि चिकटवायला माझं पंक्चरचं सोल्युशन. मी टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करतो, सोल्युशनची डबी घरात असतेच. त्यानं ट्यूबचा जोड सुटत नाही, चिंधी काय सुटणार.

मुलगी सुट्टी काढून आली तेव्हा मी तिला डिस्क दाखवली. आवाजाचं बोललो नाही. नुसतं म्हणालो, "कोटाचं बघायचंय."

तिचं घरातलं नाव बॉबी. मशीनमध्ये दोरा गुंडाळतात त्या बॉबीनवरनं. लहानपणी सारखी गरगर फिरायची म्हणून आईनं ठेवलेलं.

आधी जुन्या प्लेयरमध्ये लावली. सुरुवात झाली. आमची मधली खोली, टेबल, टेबलावर राखाडी कापड. मग चित्राचे चौकोन झाले, प्लेयरमधून घर्रर्र असा आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'डिस्क नाही.'

"आत आहे की डिस्क! नाही काय म्हणतोस?" बॉबी प्लेयरवर ओरडली. अगदी आईसारखं, असं मला वाटलं. पण ते वाटणं शब्दांचं होतं, आवाजाचं नव्हतं.

तिनं डिस्क मऊ कापडानं पुसली. मी गोल गोल पुसत होतो तर हातातनं काढून घेतली. "बाबा, ताट नाही घासायचंय. मधून बाहेर, सरळ." लेन्स साफ करायची डिस्क आणून लावली. लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून बघितला. तिथंही तेच. पहिला थोडा भाग, मग घरघर, मग लॅपटॉपच अडकला. कॉपी करून घ्यायला गेलो तर तासभर नुसती पट्टी पुढं सरकत राहिली आणि शेवटी 'वाचता येत नाही.'

मग आम्ही डिस्क घेऊन टेस्टरकडे गेलो. बाजारात टीव्ही-प्लेयर दुरुस्त करणारा. खिशाला कायम टेस्टर लावलेला असतो, त्याचं खरं नाव बहुतेक त्याच्या बायकोलाच माहीत असेल. त्यानं डिस्क उजेडात धरली, उलटी केली आणि हसायलाच लागला.

"मिस्त्री, हे काय? डिस्कला ठिगळ?"

"बायकोनं लावलंय," मी म्हणालो.

त्यानं डिस्क सुलटी केली. ती गेलेली त्याला माहीत होतं. मग नीट बोलायला लागला. "घरी मारलेल्या डिस्का ना, म्हाताऱ्या माणसांसारख्या असतात बघा. सुरुवातीचं सगळं धड, शेवटचं विसरतात. आतनं बाहेर भरत जातात, आणि खराब व्हायला लागतात त्या कडेकडनं. त्यात हे कापड. नाकापेक्षा मोती जड. कापड काढा, नाहीतर नाद सोडा."

"कापड काढलं तर चालेल नक्की?" बॉबीनं विचारलं.

"नक्की काय ताई, नक्की फक्त वीजबिल येतं."

घरी येताना मी सांगितलं, कापड काढायचं नाही. बॉबी म्हणाली, "बाबा, आपल्याला कापड बघायचंय की आई बघायचीय?" मी म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, "लहान मुलासारखं करू नका." मी म्हणालो, "मग मोठ्यांसारखी तू कर. आधी दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवर करून बघ."

तिनं स्वतःचीच डिस्क घेतली, शाळेच्या खेळांची. ती अर्ध्यात अडकायची. नखाचं पॉलिश काढायचं औषध कापसावर घेऊन कडेनं चोळायला लागली. चिंधी सुटली, छान सुटली. मग बॉबीनं कापूस खाली ठेवला. मी जवळ जाऊन बघितलं तर जिथं कापूस लागला होता तिथं डिस्क पांढरी पडली होती, वाफ धरलेल्या काचेसारखी. पुसली, जाईना. औषध कडेवरून खालच्या बाजूलाही उतरलं होतं. लावून बघितली, सुरूसुद्धा झाली नाही.

"हात दाखवून अवलक्षण," मी म्हणालो. म्हणायला नको होतं. तिच्या धावण्याच्या शर्यती होत्या त्यात, आई कडेनं कॅमेरा घेऊन पळालेली, चित्र वर-खाली होणारं. बॉबी युनिफॉर्मची चिंधी हातात धरून मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि रडली. आई गेली त्या दिवशी ती सगळ्यांना पाणी देत फिरत होती, एकदाही रडली नव्हती.

मला काय करावं कळेना. मी डब्यातल्या सगळ्या डिस्का टेबलावर मांडत बसलो. काहीतरी करायचं म्हणून. एकेक लावून बघायची, चालली तर उजवीकडे, अडकली तर डावीकडे. बॉबी डोळे पुसून शेजारी येऊन बसली आणि डिस्का बदलायला लागली.

दुपारभर ते चाललं. पडद्याच्या जाळीदार कापडाची शेवटपर्यंत चालली. माझ्या सुती शर्टाची चालली, मध्ये एकदा खोकली फक्त. फ्लॅनेलची अर्ध्यात गेली. टॉवेलाचा तुकडा लावलेली पाव भागात. कोटाची सगळ्यात आधी.

"बाबा," बॉबी म्हणाली, "डावीकडची सगळी कापडं जाड आहेत."

 तिनं म्हटलं ते माझ्या रोजच्या कामाचं होतं आणि मला दिसलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तसं. चाक एका बाजूला जड झालं की गाडी पळताना थरथरते. मी काय करतो? जड बाजू कापून टाकतो का? नाही. समोरच्या बाजूला वजन लावतो.

"कापड काढायचं नाही," मी म्हणालो. "समोर लावायचं. तेवढंच."

"डिस्कला बॅलन्सिंग?"

"चाकच आहे ते. लहान आहे एवढंच."

ती माझ्याकडे बघून हसली, नाक लाल होतं तरी. "दुकानात सांगा, नवीन धंदा सुरू केला म्हणून."

कापड तेच हवं होतं, म्हणजे वजन जुळायला सोपं. बायकोच्या चिंध्यांच्या पिशवीत शोधलं, कोटाचं एकही निघालं नाही. पण कोट कपाटात होता. बॉबीला आता तो खांद्यात बसत नाही. तिनं तो बाहेर काढून टेबलावर पसरला आणि कात्री हातात घेऊन उभी राहिली.

"कापू कुठनं?"

"आतनं काप. खालच्या दुमडीत तिनं माया भरपूर सोडलीय, पुढं कोट वाढवायला."

बॉबीनं अस्तर उसवलं. आतली माया बघून म्हणाली, "एवढी? मी किती जाड होणार होते हिच्या मते?" आणि कडेचा चौकोन कापला.

आता डिस्क तोलायची कशावर? दुकानातलं मशीन गाडीच्या चाकाचं. मी बाटलीचं बूच चाकूनं तासून डिस्कच्या भोकात बसवलं. सैल झालं की डिस्क डुगडुगायची, म्हणून जरा दाबून बसवलं. बुचाच्या बरोबर मधून विणायची सुई आरपार घातली आणि सुईची दोन टोकं दोन पेल्यांच्या काठांवर ठेवली. डिस्क हळूच फिरली आणि ठिगळ खाली येऊन थांबली. परत फिरवली, परत ठिगळ खाली.

समोरच्या बाजूला नवा तुकडा ठेवला, सोल्युशनचा एक थेंब. आता नवा तुकडा खाली यायला लागला. बॉबीनं कात्रीनं एक धागा कापला. फिरवली. आणखी एक धागा. "थांब, थांब, जास्त नको." आणखी अर्धा. मग डिस्क जिथं सोडू तिथंच राहायला लागली. वर ठेवा, खाली ठेवा, आडवी ठेवा, हलेना. चाक असं उभं राहिलं की मी गिऱ्हाईकाला हाक मारतो. इथं हाक मारायला कोणी नव्हतं.

सोल्युशन वाळू दिलं. मग लावली.

मधली खोली. टेबल. राखाडी कापड. घरघर येण्याची जागा आली, मी प्लेयरवर हात ठेवून होतो, तो थरथरला नाही. चित्र पुढं गेलं. बॉबी पटकन फोन काढून टीव्हीसमोर धरून बसली. "काही झालं तर निदान हे राहील," ती कुजबुजली.

आणि ती आली. माझी बायको. केस मागे घट्ट बांधलेले, डोक्यावर चष्मा, दुसरा चष्मा डोळ्यांवर. शेजारी बॉबी, शेंगेसारखी बारीक. बायकोनं बाही हातात घेतली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि बोलायला लागली.

"म्म म्मम् म्म म्म."

तोंडात टाचण्या होत्या. एक ओळ टाचण्यांची, ओठांत धरलेली, शिंपिणी धरतात तशी.

माझ्या शेजारची बॉबी म्हणाली, "अरे देवा. काही कळत नाहीये."

पडद्यावरची बॉबीही तेच म्हणाली. "आई, टाचण्या काढ ना तोंडातनं! काही कळत नाहीये!"

"म्म म्मम् म्म, म्म म्मम् म्म?"

"मग ठेवू कुठं, तुझ्या डोक्यात?" मी म्हणालो.

बॉबीनं माझ्याकडे मान वळवली. "काय?"

"ती म्हणाली. मग ठेवू कुठं, तुझ्या डोक्यात."

"तुम्हाला कळतंय?"

कळत होतं. सगळं कळत होतं. जन्मभर ती माझ्याशी टाचण्यांतूनच तर बोलली होती. मी कामावरून यायचो तेव्हा ती मशीनवर असायची, आणि दिवसभराचं सगळं त्या टाचण्यांच्या मागून सांगायची. दूध संपलंय, तुमचा भाऊ येऊन गेला, ती गिऱ्हाईकीण परत माप बदलून मागतेय. मी कधी म्हणालो नव्हतो की कळत नाही.

"पुढं सांगा ना," बॉबी म्हणाली.

मी सांगायला लागलो. "खांद्याची खूण आणि बाहीची खूण आधी जुळवायची. मग टाचायचं. वरनं खाली नाही, मधनं दोन्हीकडे. बाही नेहमी मोठीच असते. घाबरायचं नाही. थोडं थोडं जिरवत न्यायचं, सगळं बसतं." मध्येच ती कॅमेऱ्याकडे वळली आणि हात हलवला. "अहो, खिडकीकडे नका धरू, सगळं काळं येतंय," मी सांगितलं. बॉबी हसली. मीही हसलो, आणि बोलत राहिलो, कारण ती बोलत होती, आणि मागं पडायचं नव्हतं.

मग तिनं बाही अर्धी टाचली आणि एकेक टाचणी ओठांतून काढून मनगटावरच्या गादीत खोचायला लागली.

"आता बोलेल," बॉबी म्हणाली. "बाबा, आता नीट बोलेल."

शेवटची टाचणी निघाली. तिनं ओठ पुसले, माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघितलं, तोंड उघडलं. चित्राचे चौकोन झाले. तोंडाच्या जागी एक मोठा राखाडी चौकोन. मग काळं. मग 'डिस्क नाही.'

आम्ही ती परत लावली. सुरू झाली नाही. परत. नाही. बाहेर काढून उजेडात धरली तर मधल्या भोकापासून एक तडा निघाला होता, केसाएवढा, चमकला की दिसायचा. बूच मी दाबून बसवलं होतं. आधी नुसता ओरखडा पडला असेल, फिरता फिरता वाढला.

मी डिस्क हातात धरून बसलो. बॉबी मला काही म्हणाली नाही. मी तिला दुपारी जे म्हणालो होतो त्यातलं एक अक्षरही नाही. नुसता हातातला फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "हे आहे ना. सगळं आलंय ह्यात."

ते सगळं आलेलं आम्ही लावलं. चित्र बरं होतं, टीव्हीची चमक होती थोडी. आवाजही आला. माझा. फोन माझ्या शेजारी होता, टीव्ही पलीकडे. खांद्याची खूण आणि बाहीची खूण, घाबरायचं नाही, सगळं बसतं, अहो खिडकीकडे नका धरू. पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच. माझ्या खाली कुठंतरी दुरून म्म म्म येत होतं, भिंतीपलीकडच्या घरात कोणी बोलावं तसं.

"मी गप्प का नाही बसलो?" मी म्हणालो.

"मी सांगितलं म्हणून."

"तरी."

"बाबा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला काहीच कळलं नसतं."

"तुला कळायला नव्हतं लावलं," मी म्हणालो. आणि मग तिला ते सांगितलं. की मला तिच्या आईचा आवाज आठवत नाही, आणि आठवावा म्हणून हा सगळा खटाटोप होता. बॉबीनं फोन बंद केला. मग म्हणाली, "मला वाटलं फक्त माझंच तसं झालंय."

ती परत गेली. तडा गेलेली डिस्क सोबत घेऊन गेली आहे, तिकडं असल्या डिस्का वाचून देणारे लोक आहेत म्हणे. ते म्हणालेत, सांगता येत नाही, कापड मात्र काढावं लागेल. मी म्हणालो, काढू दे.

फोनमधलं तिनं मला पाठवलं आहे. दुकानात गर्दी नसली की मी ते कानाला लावतो. आधी माझ्या आवाजाचा राग यायचा, आता त्याच्या आजूबाजूला ऐकायला शिकलो आहे. मी एक वाक्य संपवून दुसरं सुरू करतो त्याच्यामध्ये जरा जरा फट आहे. 'थोडं थोडं जिरवत न्यायचं' म्हणून झाल्यावर मी श्वास घ्यायला थांबलो आहे. तिथं ती एकटी आहे. तिथं ती बॉबीच्या हातावर चापट मारते आणि म्हणते, "ओढू नकोस." टाचण्यांतून म्हणते, दुसऱ्या कुणाला ते नुसतं घशातलं कण्हणं वाटेल. तेवढंच मी पुन्हा पुन्हा मागं घेऊन ऐकतो.

तो आवाज आता आठवतो, रात्री फोन बंद असतानाही. टाचण्यांशिवायचा अजून नाही.